यूकेत नवीन आलात? 'डीसीएमएस' नावाचं खातं काय करतं, काय करत नाही आणि आपण कुठलं दार वाजवायचं

मागच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत पुण्याहून नुकताच आलेला एक मुलगा मला म्हणाला, ताई, इथं कल्चरचं मंत्रालय आहे ना, मग आपलं मंडळ त्यांच्याकडे अनुदान का नाही मागत. मला हसूच आलं, कारण मी नवीन होते तेव्हा आम्ही तिघीचौघींनी हेच केलं होतं. रात्री जागून, डिक्शनरी घेऊन, थेट मंत्र्यांच्या नावानं दोन पानी पत्र, शेवटी "आपली कृपाभिलाषी" टाइपचं इंग्लिश. चूक आमचीच होती, दार चुकीचं होतं. मग वर्षभर कळतच नव्हतं की बरोबर दार कुठलं. तो सगळा गोंधळ तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहितेय, लांबलंय जरा, चहा घेऊन बसा.

पायरी १ : आधी हे खातं आहे काय ते बघा

पूर्ण नाव डिपार्टमेंट फॉर कल्चर, मीडिया अँड स्पोर्ट, सगळे डीसीएमएस म्हणतात. आपल्याकडे दिल्लीत संस्कृती मंत्रालय वेगळं, माहिती-प्रसारण वेगळं, क्रीडा वेगळं. इथं हे तिन्ही एकाच छताखाली, वर पर्यटन, लॉटरी, जुगार, चॅरिटी आणि स्वयंसेवी संस्थांचं धोरण हेही त्याच पोटात. १९९२ मध्ये जॉन मेजर यांच्या सरकारनं ते सुरू केलं तेव्हा नाव होतं डिपार्टमेंट ऑफ नॅशनल हेरिटेज, पहिले मंत्री डेव्हिड मेलर. पेपरवाल्यांनी लगेच 'मिनिस्ट्री ऑफ फन' म्हणून चिडवायला सुरुवात केली आणि ते नाव अजून चिकटलेलं आहे. १९९७ मध्ये टोनी ब्लेअर आल्यावर आत्ताचं नाव मिळालं. २०१७ मध्ये पुढे 'डिजिटल' जोडलं (शॉर्टफॉर्म तोच ठेवला, बोर्ड बदलायचा खर्च वाचला असेल) आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये डिजिटल काढून सायन्स-टेक्नॉलॉजीच्या नव्या खात्याला, म्हणजे डीएसआयटीला, दिलं. त्यामुळे जुन्या लेखात "ब्रॉडबँडसाठी डीसीएमएस" असं वाचलंत तर ते आता खरं नाही. इंटरनेट, ऑनलाइन सेफ्टी, डेटा हे सगळं आता डीएसआयटीकडे. जुलै २०२४ मध्ये लिसा नँडी इथल्या मंत्री झाल्या. इथं मुख्य मंत्र्याला 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' म्हणतात हेही लक्षात ठेवा, आपल्याकडे सेक्रेटरी म्हणजे आयएएस साहेब, त्यामुळे सुरुवातीला डोक्यात हमखास घोटाळा होतो.

अजून एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. हे खातं बऱ्याच बाबतीत फक्त इंग्लंडपुरतं आहे. ग्लासगोला किंवा कार्डिफला राहत असाल तर कला, खेळ, वारसा यांचा कारभार तिथल्या सरकारांकडे आहे, म्हणजे क्रिएटिव्ह स्कॉटलंड, स्पोर्टस्कॉटलंड, आर्ट्स कौन्सिल ऑफ वेल्स वगैरे. टीव्ही-रेडिओ मात्र अख्ख्या यूकेसाठी लंडनहूनच. म्हणून खाली मी जे पैशाबिशाचं लिहिलंय ते इंग्लंडचं समजा.

पायरी २ : 'हातभर अंतर' हा प्रकार डोक्यात फिट करा

हे समजलं नाही तर बाकी काहीच समजणार नाही. डीसीएमएस स्वतः नाटक करत नाही, म्युझियम चालवत नाही, क्लबला पैसे वाटत नाही. ते तीन गोष्टी करतं : कायदे आणि धोरणं बनवतं, कुठल्या संस्थेला किती पैसे ते ठरवतं, आणि त्या संस्थांवर माणसं नेमायच्या प्रक्रियेत असतं. प्रत्यक्ष काम करणाऱ्या संस्था वेगळ्या, चाळीसेक तरी आहेत. आर्ट्स कौन्सिल इंग्लंड, स्पोर्ट इंग्लंड, यूके स्पोर्ट, हिस्टॉरिक इंग्लंड, ब्रिटिश लायब्ररी, ब्रिटिश म्युझियम, गॅम्बलिंग कमिशन अशा सगळ्या. यांना 'आर्म्स लेंथ' संस्था म्हणतात, म्हणजे सरकारपासून हातभर लांब. सरकार पैसे देतं पण कुठल्या नाटकाला, कुठल्या चित्रकाराला ते सांगत नाही. ही पद्धत जुनी आहे, १९४६ मध्ये आर्ट्स कौन्सिल ऑफ ग्रेट ब्रिटन निघालं तेव्हापासूनची, आणि त्यामागं कोण होतं तर अर्थशास्त्रज्ञ केन्स, ज्यांचं नाव आपण बीकॉमला घोकलेलं असतं.

आपल्याला हे पचायला वेळ लागतो. आपण 'साहेबांची चिठ्ठी' या संस्कृतीत वाढलेली माणसं, मंत्र्यापर्यंत ओळख पोचली की काम झालं अशी आपली समजूत. इथं मंत्र्याची चिठ्ठी घेऊन आर्ट्स कौन्सिलकडे गेलात तर फायदा शून्य.

याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे वाघनखं. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली ती वाघनखं, जी साताऱ्याचा रेसिडेंट (म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी) असलेल्या ग्रँट डफकडे होती आणि पुढे त्याच्या वारसानं म्युझियमला दिली. आपल्या लोकांचा कायम प्रश्न असतो, ब्रिटिश सरकारनं परत का नाही दिली, तीन वर्षांच्या बोलीवर उधार कसली देता. तर मुद्दा असा की ती सरकारच्या कपाटात नाहीतच. ती म्युझियमच्या विश्वस्तांच्या ताब्यात आहेत, आणि १९८३ चा नॅशनल हेरिटेज कायदा त्या विश्वस्तांना संग्रहातल्या वस्तू अशा देऊन टाकू देत नाही, अगदी थोडे अपवाद सोडले तर. ब्रिटिश म्युझियमचं तेच, तिथं १९६३ चा कायदा. म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनमध्ये महाराष्ट्र सरकारनं करार केला तो म्युझियमबरोबर, डीसीएमएसबरोबर नाही, आणि जुलै २०२४ मध्ये वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात पोचली. अफझलखानाच्या वेळची हीच का, हे खात्रीनं सांगता येत नाही असं म्युझियम स्वतःच म्हणतं, तो वाद इथं नको, कमेंटमध्ये तर अजिबात नको. पण कायदा बदलायचा असेल तर तो पार्लमेंटमध्ये आणि त्याची फाइल डीसीएमएसमध्ये, हे लक्षात घ्या. म्हणजे खातं काहीच करत नाही असंही नाही, ते नियम ठरवतं आणि खेळ दुसरे खेळतात.

पायरी ३ : घर मिळाल्या मिळाल्या टीव्ही लायसन्सचं बघा

या खात्याशी तुमचा पहिला संबंध येणार तो इथं, आणि तोही धमकीवजा पत्रातून. नवीन फ्लॅटमध्ये शिरलात की आठवड्याभरात 'लीगल ऑक्युपायर' अशा नावानं पत्र येतं, लाल अक्षरं, तुमच्या पत्त्यावर लायसन्स नाही वगैरे. घाबरू नका पण फेकूनही देऊ नका.

नियम साधा आहे. कुठल्याही चॅनलवर लाइव्ह कार्यक्रम बघत असाल, म्हणजे जेव्हा दाखवतायत तेव्हाच, तर लायसन्स लागतं, मग तो टीव्हीवर बघा, लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर. शिवाय बीबीसीचं आयप्लेअर (ऑनलाइन कार्यक्रम बघायचं त्यांचं ॲप) वापरलं तर लाइव्ह असो नसो, लागतंच. नेटफ्लिक्सवर पिक्चर, यूट्यूबवर जुनी नाटकं, झालेले एपिसोड नंतर बघणं, याला लागत नाही. इथं आपली मंडळी फसतात ती अशी की "आम्ही तर फक्त मराठी चॅनल बघतो, बीबीसी बघतच नाही". चॅनल भारतातलं असलं तरी लाइव्ह बघितलं की लायसन्स लागतं! रात्री आठची सिरीयल इथल्या दुपारी लाइव्ह लावली तर लागतं, तीच उद्या ऑन डिमांड बघितली तर नाही. मॅचचंही तसंच, स्काय स्पोर्ट्सचे वेगळे पैसे भरलेत म्हणून लायसन्स माफ होत नाही.

फी एप्रिल २०२५ मध्ये वर्षाला १७४ पाउंड ५० पेन्स झाली, ती एप्रिलमध्ये बदलते त्यामुळे भरताना साइटवर बघून घ्या. महिन्याच्या हप्त्यानं भरता येते. विनालायसन्स पकडलं गेलं तर १००० पाउंडपर्यंत दंड. एका घराला एक लायसन्स पुरतं, पण चारजण शेअरिंगमध्ये राहता आणि प्रत्येकाचा भाडेकरार वेगळा असेल तर प्रत्येकाला आपापल्या खोलीसाठी घ्यावं लागू शकतं. एकच जॉइंट करार असेल तर सहसा एकात भागतं. आणि खरंच लागत नसेल तर साइटवर 'नो लायसन्स नीडेड' डिक्लेअर करा, पत्रं बरीच कमी होतात.

आता यात डीसीएमएस कुठं आलं? फी किती ते सरकार ठरवतं, आणि ती फाइल याच खात्याची. वसुली मात्र बीबीसीच्या वतीनं होते. बीबीसी चालते रॉयल चार्टरवर, म्हणजे राजाच्या नावानं ठरावीक मुदतीसाठी दिलेल्या सनदेवर. आत्ताचा चार्टर १ जानेवारी २०१७ ला सुरू झाला आणि ३१ डिसेंबर २०२७ ला संपतो. पुढे लायसन्स फी राहणार की दुसरं काही येणार यावर इथं जोरदार घमासान चालू असतं, ऑफिसात पाच इंग्रज जमले आणि पावसाचा विषय संपला की हा विषय काढून बघा.

पायरी ४ : टीव्ही-पेपरबद्दल तक्रार असेल तर

मंत्र्याला ईमेल करू नका, बातमी काय दाखवायची हे मंत्री सांगू शकत नाही आणि सांगू नये असाच सगळा डोलारा आहे. चॅनल किंवा रेडिओवर काही आक्षेपार्ह वाटलं तर ऑफकॉमकडे, म्हणजे टीव्ही-रेडिओवर लक्ष ठेवणाऱ्या नियामक संस्थेकडे, कार्यक्रम लागल्यापासून २० वर्किंग डेजच्या आत. बीबीसीबद्दल असेल तर आधी बीबीसीकडेच, त्यांचं उत्तर पटलं नाही तर मग ऑफकॉम. पेपरवर ऑफकॉम चालत नाही. बरेचसे पेपर इप्सो नावाच्या संस्थेत आहेत, ती सरकारी नाही, पेपरवाल्यांनीच २०१४ मध्ये उभी केलेली. तिथं छापून आल्यापासून साधारण चार महिन्यांत तक्रार करायची. गार्डियन आणि फायनान्शियल टाइम्स त्यातही नाहीत, त्यांच्याकडे थेट लिहायचं. फेसबुक-व्हॉट्सॲपवरची घाण हा वेगळाच विषय, तो वर सांगितला तसा आता डीएसआयटीच्या कायद्याखाली येतो.

पायरी ५ : जे फुकट आहे ते आधी लुटा

१ डिसेंबर २००१ पासून इंग्लंडमधल्या राष्ट्रीय म्युझियमच्या कायमच्या संग्रहांना प्रवेश फुकट आहे, आणि त्यासाठीचा भार डीसीएमएस उचलतं. सायन्स म्युझियम, नॅचरल हिस्टरी, व्ही अँड ए यांना त्याआधी तिकीट होतं. दारात डोनेशनचा डबा असतो, टाकलेच पाहिजेत असं नाही. फक्त स्पेशल प्रदर्शनाला तिकीट लागतं. आईबाबा आले की पहिल्या आठवड्यात हेच करा, मादाम तुसाँला चौघांचे पैसे घालवण्याआधी. (मादाम तुसाँ खासगी आहे, त्याचा आणि खात्याचा काही संबंध नाही, तरी दरवर्षी कुणीतरी विचारतंच.)

ब्रिटिश लायब्ररीचं रीडर कार्ड काढा, तेही फुकट. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. तिथं इंडिया ऑफिसचे (लंडनहून भारताचा कारभार बघणाऱ्या जुन्या खात्याचे) कागद आहेत आणि एकोणिसाव्या शतकातली मराठी पुस्तकं इतकी आहेत की १८९२ मध्येच ब्रिटिश म्युझियमनं मराठी-गुजराती छापील पुस्तकांचा वेगळा कॅटलॉग काढला होता. आमच्या ओळखीचे एक काका रिटायर झाल्यावर दर मंगळवारी डबा घेऊन तिथं जाऊन बसतात, घरच्यांना वाटतं काहीतरी संशोधन चाललंय, मला वाटतं त्यांना ती शांतता आवडते.

गल्लीतली लायब्ररी मात्र कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, असते. १९६४ च्या कायद्यानं कौन्सिलला ती चालवावीच लागते आणि नीट चालवतात का यावर लक्ष ठेवायचं काम सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे. पोरांसाठी कार्ड लगेच काढा, मराठी पुस्तकं नसतील तर काउंटरवर विचारा, मागणी नोंदवता येते. मागितलंच नाही तर त्यांना कळणार कसं की इथं मराठी लोक राहतात.

निळ्या पाट्या, म्हणजे नामवंत माणसं राहिली त्या घरांवर लावलेल्या, बघायला एक रविवार काढा. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये राहिले ते मेडा व्हेलमधलं १० हाउली प्लेस, सावरकरांचं हायगेटमधलं ६५ क्रॉमवेल ॲव्हेन्यू म्हणजे इंडिया हाउस. दोन्ही पाट्यांवर 'इंडियन पॅट्रिअट अँड फिलॉसॉफर' असेच शब्द आहेत. लंडनमधल्या या पाट्यांचं काम आता इंग्लिश हेरिटेज ही चॅरिटी करते, आणि नवीन पाटी सुचवायची असेल तर कुणीही सुचवू शकतं, मुख्य अट अशी की त्या व्यक्तीला जाऊन किमान वीस वर्षं झालेली हवीत आणि ती इमारत अजून उभी हवी.

पायरी ६ : मंडळाला पैसे हवेत तर

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी तो मुलगा मला विचारत होता.

पैशाचा मोठा झरा म्हणजे नॅशनल लॉटरी. १९९४ च्या नोव्हेंबरात पहिला ड्रॉ झाला. तिकिटांतून 'गुड कॉजेस'साठी जे पैसे निघतात त्यातले ४० टक्के आरोग्य, शिक्षण, पर्यावरण आणि समाजकार्याला, आणि २०-२०-२० टक्के कला, खेळ आणि वारशाला. ही वाटणी आणि लॉटरीचं धोरण डीसीएमएसकडे, वाटप वेगवेगळ्या संस्थांकडे. तुम्ही कुठल्या संस्थेकडे जायचं ते तुम्ही काय करताय त्यावर.

वस्तीतल्या लोकांना एकत्र आणणारं काही करत असाल, नवीन आलेल्यांसाठी भेटीगाठी, ज्येष्ठांचा कट्टा, तर नॅशनल लॉटरी कम्युनिटी फंडाचं 'अवॉर्ड्स फॉर ऑल', ३०० ते २०,००० पाउंड. नवशिक्यांसाठी हेच सगळ्यात सोपं. नाटक, संगीत, नृत्य, साहित्य असं ठळकपणे कलेचं असेल तर आर्ट्स कौन्सिलचं 'प्रोजेक्ट ग्रँट्स', १,००० पाउंडपासून १,००,००० पर्यंत, कधी त्याहूनही वर. त्यात साधारण दहा टक्के तरी तुम्ही दुसरीकडून आणायचे असतात, तिकीटविक्री, देणगी, फुकट मिळालेला हॉल असं काहीतरी. एकट्या कलाकाराला स्वतःच्या शिकण्यावाढण्यासाठी हवे असतील तर 'डेव्हलपिंग युअर क्रिएटिव्ह प्रॅक्टिस', २,००० ते १२,००० पाउंड. वर्क व्हिसावर असाल तर स्वतःच्या नावानं काहीही घ्यायच्या आधी व्हिसाच्या अटी वाचा, नाहीतर भीक नको पण कुत्रा आवर व्हायचं. आणि जुनी कागदपत्रं, आठवणी, पहिल्या पिढीच्या मुलाखती असं वारशाचं काही करायचं असेल तर हेरिटेज फंड, तिथं १०,००० पासून सुरुवात. खरं सांगू, हे आपल्याकडे कुणी करतच नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे, म्हणजे नव्वदी ओलांडलेली संस्था, आणि गावोगावच्या मंडळांतली साठ-सत्तरच्या दशकात आलेली डॉक्टर-नर्स मंडळी आता थकत चालली आहेत. त्यांच्या आठवणी कुणी रेकॉर्ड करायच्या? गुजराती आणि पंजाबी लोकांनी असे प्रोजेक्ट कधीच केलेत.

अर्जाच्या आधी ही तयारी :

संस्थेची लेखी घटना हवी, म्हणजे 'कॉन्स्टिट्यूशन'. दोन पानांची चालते पण सह्या हव्यात. बँक खातं संस्थेच्या नावानं आणि सही करणारे किमान दोघं, एकमेकांच्या नात्यातले नसलेले. आपल्याकडे अध्यक्ष नवरा आणि खजिनदार बायको ही जी पद्धत आहे ती इथं पहिल्याच फेरीत आपटते, आमची आपटली होती. वर्षाचं उत्पन्न ५,००० पाउंडच्या वर गेलं तर साधारणपणे चॅरिटी कमिशनकडे नोंदणी करायची असते. मुलांबरोबर काम असेल तर सेफगार्डिंग पॉलिसी (मुलांच्या सुरक्षिततेचे नियम) लिहून ठेवा, नुसती डाउनलोड करून नाव बदललेली नको, त्यांना कळतं.

मग अर्ज. देव-धर्माच्या प्रचाराला लॉटरीचे पैसे मिळत नाहीत, त्यामुळे 'गणेशपूजेसाठी अनुदान' असं लिहिलंत की विषय संपला. पण हे लपवाछपवी करायचं प्रकरण नाहीये, ताकाला जाऊन भांडं लपवायची गरज नाही. पूजेचा खर्च वर्गणीतून करा आणि शेजारच्या शाळेतल्या सगळ्या रंगांच्या पोरांसाठी लेझीम आणि ढोलताशाची वर्कशॉप घ्या, त्यासाठी मागा. आमच्या ढोलपथकात आता एक पोलिश बाई आणि तिची दोन मुलं आहेत, बाई ताशा वाजवते, आमच्यापेक्षा बरा. अर्जात हेच विचारतात : कुणाला फायदा, तुम्हाला कसं कळलं की लोकांना हे हवंय, लोकांना विचारलंत का. वीस जणांचा साधा फॉर्म भरून घ्या, त्यातली वाक्यं अर्जात टाका. 'आपली महान संस्कृती जपण्यासाठी' असल्या वाक्यांनी तिकडे कुणी हलत नाही.

वेळेचं बघा. झालेल्या कार्यक्रमाचे पैसे मागून मिळत नाहीत, वरातीमागून घोडं चालत नाही. गणपती सप्टेंबरात असेल तर अर्ज मार्चच्या आसपास गेलेला बरा. नकार आला तर नाउमेद होऊ नका, कारण विचारा आणि सुधारून परत टाका. आमचा दुसऱ्यांदा झाला.

हॉलचं : इंग्लंडमध्ये सकाळी ८ ते रात्री ११ मध्ये ५०० पर्यंत प्रेक्षकांसाठी नाटक किंवा नाच असेल तर त्याला वेगळं लायसन्स लागत नाही. दारू विकणार असाल किंवा रात्री उशिरापर्यंत चालणार असेल आणि हॉलचं लायसन्स पुरत नसेल तर कौन्सिलला 'टेम्पररी इव्हेंट नोटीस' द्यायची, २१ पाउंड, किमान १० वर्किंग डेज आधी, आणि एका वेळी ५०० पेक्षा कमी माणसं, त्यात स्वयंसेवकही धरायचे. हॉलच्या मॅनेजरला विचारा, त्याला पाठ असतं.

पायरी ७ : खेळ

यात दोन संस्था, आणि त्यांची गल्लत करू नका. यूके स्पोर्ट मेडलसाठी. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनला एकच गोल्ड मिळालं, पदकतक्त्यात ३६ वा नंबर, मग लॉटरीचा पैसा निवडक खेळांत ओतला आणि २०१२ मध्ये लंडनला २९ गोल्ड आली. जो खेळ मेडल देत नाही त्याचे पैसे कापतात, फार निष्ठुर कारभार आहे. आपल्यासारख्यांसाठी स्पोर्ट इंग्लंड. त्यांचा 'मूव्हमेंट फंड' ३०० ते १५,००० पाउंड देतो, ज्यांना व्यायामाची संधी कमी मिळते अशांसाठी काही करत असाल तर जास्त वाव. आपल्या बायकांचा बॅडमिंटनचा ग्रुप, ज्येष्ठांचा योगा, कबड्डी. मार्च २०२५ मध्ये कबड्डी वर्ल्ड कप वेस्ट मिडलंड्समध्ये झाला, त्यानंतर इथल्या पोरांना निदान हा खेळ काय ते सांगत बसावं लागत नाही.

आणि क्रिकेट फुकट का दिसत नाही, या प्रत्येक नवीन माणसाच्या दुःखाचं उत्तरही याच खात्यात आहे. काही मोठ्या स्पर्धा फुकट चॅनलला मिळाल्याच पाहिजेत अशी सरकारची यादी असते, फुटबॉल वर्ल्ड कप, ऑलिम्पिक, विम्बल्डनची फायनल त्यात आहेत. इंग्लंडमधल्या टेस्ट मॅच १९९८ मध्ये त्या पक्क्या यादीतून काढून दुसऱ्या गटात टाकल्या, जिथं हायलाइट्स फुकट दिसले तरी चालतं. २००५ ची ॲशेस चॅनल फोरवर सगळ्यांनी बघितली आणि २००६ पासून टेस्ट स्कायवर गेल्या. २०१९ च्या वर्ल्ड कपची फायनल फुकट दाखवली ती स्कायनं चॅनल फोरबरोबर वाटून घेतली म्हणून.

पायरी ८ : हे डीसीएमएसचं नाही, उगाच चकरा मारू नका

भारतातून नाटकमंडळी किंवा गायक बोलवायचेत, त्यांचा व्हिसा : होम ऑफिस, म्हणजे गृहखातं. कॉपीराइट, गाण्यांचे हक्क : वेगळं ऑफिस, आणि कार्यक्रमात गाणी वाजवायचं लायसन्स पीपीएल पीआरएसकडून. शाळेतला संगीताचा तास : शिक्षण खातं. इमारतीचा वापर बदलायची परवानगी : कौन्सिल आणि वर गृहनिर्माणाचं खातं. डॉ. आंबेडकरांचं प्रिमरोझ हिलमधलं १० किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये घेतलं, म्युझियम करायला कॅमडेन कौन्सिलनं नकार दिला, अपील झालं आणि मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली ती गृहनिर्माण मंत्र्यांकडून. सांस्कृतिक मंत्र्यांचा त्यात हात नाही, विषय कितीही सांस्कृतिक असला तरी. हां, पण इमारत 'लिस्टेड' करायची असेल, म्हणजे वारसा म्हणून संरक्षण, तर हिस्टॉरिक इंग्लंड शिफारस करतं आणि शेवटचा निर्णय डीसीएमएसचा. आता यात काय लॉजिक आहे ते मला विचारू नका.

पायरी ९ : मंत्र्यांना सांगायचंच असेल तर

असा मार्ग आहे. पहिलं, मतदार यादीत नाव घाला. भारतीय नागरिक कॉमनवेल्थमध्ये येतात त्यामुळे इथं कायदेशीर राहत असाल तर पासपोर्ट भारतीय असूनही पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं, निम्म्या नवीन लोकांना हे माहीतच नसतं. मग तुमच्या भागाच्या एमपीला, म्हणजे खासदाराला, लिहा, पत्ता न विसरता, कारण पोस्टकोड त्यांच्या मतदारसंघातला नसेल तर ते बघत नाहीत. एमपीनं खात्याला विचारलं की उत्तर येतं. दुसरं, कन्सल्टेशन. नवीन धोरणाआधी सरकार लोकांची मतं मागवतं, ऑनलाइन फॉर्म असतो, नागरिकत्व लागत नाही. २०२४ मध्ये यूकेनं युनेस्कोचा जिवंत परंपरांबद्दलचा २००३ चा करार मंजूर केला, त्यामुळे आता लोककला, सण, हस्तकला यांच्या याद्यांचा विषयही खात्याच्या टेबलावर आला आहे. आपल्या लोकांनी त्यावर लक्ष ठेवावं असं मला फार वाटतं. तिसरं, माहितीचा अधिकार इथंही आहे, फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन, फी नाही, २० वर्किंग डेजमध्ये उत्तर द्यावं लागतं.

त्या पुण्याच्या मुलाला मी हे सगळं रांगेत सांगत बसले, मागे मोदक संपत आले तरी. तो म्हणाला ताई, घटना लिहायला मी मदत करतो. पुढच्या शनिवारी या म्हटलंय. सध्याची घटना २००९ सालची आहे आणि तिच्यात अजून फॅक्स नंबर आहे.